दुपारची रुजवात

आमच्या हिशेबाच्या पेढीचा आता चांगला पसारा आहे. मुलगा ती चालवतो, हाताखाली माणसं आहेत, आणि कुणी विचारलं की तो सांगतो, वडिलांनी मोंढ्यातल्या एका खोलीत सुरुवात केली. मी शेजारीच बसलेली असते, पण दुरुस्ती करत नाही. पेढी मोंढ्यात, त्या धान्याच्या बाजारात, सुरू झाली नाही. ती आमच्या घराच्या ढाळजेत, दारालगतच्या ओसरीत, सुरू झाली आणि मोंढ्यात गेली तेव्हा माझ्यापुरती संपली. हे मुलाला सांगितलं तर तो म्हणेल, आई, तुला प्रगतीचं कौतुकच नाही. कौतुक आहे. पण मला त्या ढाळजेतल्या दुपारी परत हव्या आहेत, आणि या वयात खोटं कशाला बोलू?

विलीनीकरणानंतरची ती पहिली वर्षं. कागदावर गाव उस्मानाबाद, बोलताना सगळे धाराशिवच म्हणायचे. माझे यजमान एका आडत्याकडं दिवाणजीच्या हाताखाली लिहायला होते. निजामाचं राज्य गेलं तसे हिशेबाचे रिवाजही बदलले. निजामाचा हाली शिक्का जाऊन भारताचा कलदार रुपया आला, दफ्तरातली उर्दू जाऊन मराठी आली आणि वर विक्रीकर आला. व्यापाऱ्यांची गाळण उडाली. माल तोलणं त्यांना येत होतं, तो सरकारला कागदावर दाखवणं येत नव्हतं. तेव्हा यांनी नोकरी सोडली आणि घरीच लोकांच्या वह्या घ्यायला सुरुवात केली. घर म्हणजे काय, पुढं ढाळज, मागं माजघर, त्याच्यामागं चूल, वर माळवद. त्यात सासूसासरे, आम्ही दोघं, पुढं मुलं.

या कामात एक गोष्ट अशी असते की ती एकट्यानं होत नाही. रोजची नोंद होते ती कीर्द, आणि तीच नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवतात ती खतावणी. दोन्ही जुळतात का हे बघणं म्हणजे रुजवात. एकानं कीर्द मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं खतावणीत ती रक्कम शोधायची, लाल पेन्सिलीनं खूण करायची आणि म्हणायचं, “रुजू”. मग पुढची.

पहिल्यांदा खतावणी घेऊन मामंजी बसायचे. ते निजामाच्या अमदानीत तहसिलीत होते. त्यांची उर्दू नामी होती, अक्षर मोत्यासारखं होतं, आणि जेवणानंतर त्यांना झोप आवरायची नाही. हे वाचायला तोंड उघडायच्या आत मामंजी म्हणायचे, “रुजू.” एकदा तर हे नुसते खोकले, तरी “रुजू” आलं. मग मुरुमच्या एका व्यापाऱ्याचा गूळ दुसऱ्याच्याच खात्यावर चढला, आणि तो व्यापारी चांगला तासभर ढाळजेत उभा राहून बोलून गेला.

त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “सुनंला येतंय की लिहायला वाचायला. मास्तराची लेक हाय. तिला बसवा.”

“बाईमाणूस ढाळजेत बसंल?” मामंजी म्हणाले.

“ढाळजेत कशाला? माजघरात बसंल. भिंतीला कान असत्यात म्हणता, मग हिच्या कानाला काय झालं?”

अशी मी पेढीत शिरले. हे ढाळजेत भिंतीला पाठ लावून बसायचे, मी त्याच भिंतीच्या अलीकडं माजघरात, दाराच्या चौकटीशी. मधे पडदा. समोर सासूबाई ज्वारी निवडत किंवा वाती वळत बसलेल्या.

आता आजच्या पोरींना हे सांगायला हवं, नाहीतर त्यांना यातलं काहीच कळणार नाही. त्या काळी नवराबायको दिवसाउजेडी एकमेकांशी बोलत नसत. घरात वडीलधारी असताना तर नाहीच. पाणी हवं असलं तर हे आईला सांगायचे, आई मला सांगायच्या, मी पाणी आईंच्या हातात द्यायची. रात्री सगळं घर एका ओळीनं झोपायचं, उन्हाळ्यात माळवदावर आणि थंडीत माजघरात. माझं लग्न होऊन बरेच दिवस झाले होते आणि माझ्या नवऱ्याला भाजीत तिखट किती लागतं यापलीकडं मला त्यांच्याबद्दल फारसं ठाऊक नव्हतं. आवाज ओळखीचा होता, पण तो कायम दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असायचा.

आणि आता रोज दुपारी तो आवाज माझ्याशी बोलू लागला. गूळ, करडई, शेंगा, नावे, जमा, पण माझ्याशी. मी म्हणायची, “रुजू.” दिवसाउजेडी नवऱ्याशी मोठ्यानं बोललेला माझा पहिला शब्द तो.

हळूहळू त्या आकड्यांमधून बोलणं सुरू झालं. एका दुकानाच्या वहीत तामलवाडीचं एक गिऱ्हाईक होतं, ते दर पोळ्याला बैलांची घुंगरं न्यायचं. हे वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, “पेंड एका बैलापुरती, घुंगरं मात्र दर वर्षी. रुजू का?”

मी म्हणाले, “नातवाच्या पायात बांधत असंल. रुजू.”

पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला. सासूबाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या लेखी हिशोब चालला होता, आणि हिशोब चालू असताना त्या कुणाला मधे बोलू देत नसत. शेजारीण आली तरी ओठांवर बोट ठेवायच्या.

लोहाऱ्याचा एक कापडवाला दर महिन्याला तीर्थयात्रेचा खर्च टाकायचा आणि तो कधीच कुठल्या तीर्थाला गेलेला नव्हता. त्याच्यावर आमच्या किती दुपारी गेल्या. यांचं म्हणणं, कराला भिऊन करतो. माझं म्हणणं, बायकोला भिऊन करतो. यांची विद्या पुस्तकी होती, माणसं मला जास्त कळायची, आणि हे मी त्यांना भिंतीपलीकडून ऐकवायची. तोंडावर कधी धजले नसते.

मुरुमची वही आली की हे जरा जपून वाचायचे. मुरुम माझं माहेर. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते, आणि माहेरी जायला मला वर्षातून एकदा मिळायचं. तिथल्या लोखंडाच्या दुकानाची वही चालली होती. हे म्हणाले, “शाळेला पत्रे.” मग पुन्हा एकदा, हळू, “मुरुमच्या शाळेला नवे पत्रे.” पावसाळ्यात वडील मुलांना एका कोपऱ्यात गोळा करून शिकवायचे, गळतं कुठं आणि फळा कुठं हे सांभाळत. माझ्या डोळ्यांपुढं ती खोली आली आणि खतावणीतली ओळच दिसेना. “रुजू” म्हणायला मला वेळ लागला. पलीकडून घाई झाली नाही.

“काय झालं रे? का थांबलासा?” सासूबाईंनी विचारलं.

“आकडा सापडंना तिला. बघू द्या,” हे म्हणाले.

असं कुणी माझ्यासाठी थांबलेलं मला आठवत नाही. म्हणजे त्याआधीही नाही आणि नंतरही नाही.

एक मात्र सांगते, हे वाचनात मंद आहेत असं तेव्हा माझं प्रामाणिक मत होतं. एका वहीला दुपार जायची. मामंजी कुरकुरायचे, “पोराचा हात साफ हाय, पण जीभ जड. अशानं पेढी वाढायची न्हाय.” मलाही ते पटायचं, आणि पेढी वाढू नये असंही वाटायचं.

पण ती वाढली. जुने आणे-पै जाऊन नवे पैसे आले तेव्हा व्यापाऱ्यांच्या नाकी नऊ आले. ज्याला त्याला आपली वही नव्या पैशात करून हवी होती. लोहारा, मुरुम, तुळजापूर, एसटीनं माणसं यायची, काखेत लाल बासनात बांधलेल्या वह्या. ढाळजेत बसायला जागा उरेना, अंगणात चपलांचा ढीग पडायचा. मी रुजवातीला कमी आणि चुलीपाशी जास्त दिसू लागले, कारण आलेल्या प्रत्येकाला चहा लागायचा. कामाला कधी नव्हे ती बरकत आली आणि मला रोज सकाळी उठून राग यायचा. कुणावर ते सांगता आलं नसतं.

शेवटी यांनी मोंढ्यात खोली भाड्यानं घेतली. पेढीच्या नावाची पाटी रंगवून आणली. तुळजापूरचा एक कारकून ठेवला, वयानं यांच्याएवढाच, चलाख, खणखणीत आवाजाचा. मामंजींनी पेढे वाटले. मीही वाटले. वह्या हातगाडीवर चढल्या तेव्हा मी खतावणीतली माझी लाल पेन्सिल काढून घेतली. ती कारकुनाला मिळू नये एवढाच हेतू होता. तिचा दुसरा काही उपयोग नव्हता.

त्यानंतर घर दुपारी इतकं शांत झालं की ज्वारीतला खडा ताटात पडला तरी ऐकू यायचा. हे सकाळी जायचे, दिवेलागणीला यायचे, जेवताना आईशी बोलायचे. पाणी पुन्हा आईंच्या हातातून जाऊ लागलं. मी कुणाकडं तक्रार करणार, आणि काय म्हणून? दागिना हवा असं म्हणता येतं. नवऱ्यानं माझ्याशी शेंगांचे भाव बोलावेत, हे कोणत्या तोंडानं म्हणायचं?

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला सासूबाई आणि मी मोंढ्यात गेलो. खोलीच्या मागच्या भागात फळ्यांचा आडोसा होता, तिथं आम्ही पूजेचं ताट लावत बसलो. नव्या वह्यांची पूजा व्हायची तर जुन्या आधी मिटायला हव्यात, म्हणून पुढं यांची आणि कारकुनाची रुजवात चालली होती. मी हातातलं कुंकू तसंच धरून ऐकत राहिले. हे वाचत होते आणि एसटी उतारावर सुटावी तसे वाचत होते. तिथी, माल, रक्कम, रुजू. तिथी, माल, रक्कम, रुजू. मधे ना श्वास, ना शब्द. माझ्या देखत एक वही संपली, दुसरी संपली. आमचं ताटसुद्धा लावून झालं नव्हतं.

यांची जीभ कधीच जड नव्हती.

सासूबाई वात तेलात भिजवत होत्या. त्या म्हणाल्या, “लई भरभर चाललंय की. घरी एक वही सरायला दिवस मावळायचा.” मग वात पणतीत नीट बसवून, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “मी कधी विचारलं न्हाय.”

मला धरणी ठाव देईना. सासूबाईंसमोर लाज वाटली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही, कुंकवाची डबी बंद केली.

परतताना सासूसासरे पुढं चालत होते. आम्ही मागं राहिलो, का मुद्दाम राहिलो, माहीत नाही. मी धीर करून म्हणाले, “तिथं लई भरभर वाचता तुम्ही.”

हे पुढच्या दोघांकडं बघत चालत राहिले. मग म्हणाले, “तिथं काम असतंय.”

तेवढ्यावर मी कितीतरी दिवस काढले. चूल फुंकतानाही हसू यायचं. आणि मग एकदा, घरात दुसरं कुणी ऐकायला नाही असं बघून, मी सरळ सांगितलं की एखादी वही घरी आणा, मी बसते. यांना नवल वाटलं, पण आनंदही झालेला दिसला. आणतो म्हणाले. पण वर्ष गेलं, दुसरं गेलं. कामच तसं होतं. पेढीत आणखी एक कारकून आला, मग खोलीला लागून दुसरी खोली आली.

मग एका रविवारी सासूसासरे मुलांना घेऊन नणंदेकडं लोहाऱ्याला गेले, आणि हे खरंच एक वही घेऊन आले. जेवणं झाली. मी नेहमीच्या जागी, चौकटीशी बसायला गेले, आणि लक्षात आलं की आता पडद्याची गरजच नाही. मग यांच्या समोर बसले. इतक्या वर्षांत वाचताना त्यांचं तोंड मी बघितलंच नव्हतं. भुवया जरा वर जायच्या. कानावरचे केस पांढरे झाले होते.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. तिथी, माल, रक्कम. मी “रुजू” म्हणेपर्यंत पुढची ओळ सुरू झालेली. तिथी, माल, रक्कम. मला वाटलं, आता थांबतील, आता काहीतरी म्हणतील. मीच मधे म्हणाले, “हा माणूस बघा, दर बाजाराला नवी छत्री नेतो.” हे थांबले, ओळीवर बोट ठेवून वर बघितलं, ऐकून घेतलं, मान हलवली. “व्हय,” म्हणाले. बोट ओळीवरच होतं. मग पुढचं वाचलं.

ते मुद्दाम करत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. एवढ्या वर्षांत ती सवय हाडात मुरली होती. भरभर वाचलं म्हणून पेढी उभी राहिली, मुलं शिकली, आम्ही पोटभर जेवलो. मी पेन्सिल घट्ट धरली आणि एकही ओळ चुकू दिली नाही.

“बरं झालं, लौकर आटपलं,” ते वही मिटत म्हणाले. “तुझा हात त्या कारकुनापेक्षा भरभर चालतो.” मग त्यांनी बासन बांधलं, टोपी घातली आणि मोंढ्याकडं निघून गेले. ऊन अजून अंगणातच होतं, आणि घरात मोठ्यानं बोललं तरी ऐकायला कुणी नव्हतं.