पैलवानाच्या जटा

मामांच्या सलूनमधून आजवर कोणीही अर्ध्या डोक्याने बाहेर पडलं नव्हतं. वीज जावो, गिऱ्हाइकाला घरून तातडीचा फोन येवो, मामा त्याचा खांदा दाबून त्याला पुन्हा खुर्चीत बसवायचे. "दोन मिनिटं. अर्धं काम मी सोडत नसतो." गल्लीतले सगळे त्यांना मामा म्हणायचे आणि ते सगळ्यांना भाच्याचा मान देऊन मनसोक्त छळायचे. कात्री आणि तोंडाचा पट्टा एकदमच सुरू व्हायचा. माणूस मनाने सोन्यासारखा, फक्त ऐकून घेण्याची सवय नव्हती.

त्यांच्या मुलीला कंपनीने तीन महिने परदेशी पाठवलं, तेव्हा ती आपला बोका त्यांच्याकडे घेऊन आली. मामांनी पेटीत डोकावून पाहिलं.

"मांजर आहे होय! मला वाटलं, गालिचा आणलास."

"मेन कून आहे, बाबा. ही जातच मोठी असते. तीन वर्षांचा आहे, अजून थोडा वाढेल."

"अजून?"

बोका बाहेर आला. चांगला नऊ किलोंचा. कानांवर झुपके, गळ्याभोवती आयाळ, आणि शेपूट अशी की तिने दुकान झाडून निघालं असतं. त्याने मामांकडे मान वर करून पाहिलं आणि चिमणीसारखा चिवचिवला. मामा पोट धरून हसले. मुलीने ठेवलेलं नाव दोन दिवसांत मागे पडलं आणि बोक्याचा पैलवान झाला. दिसायला वाघ आणि वागायला गरीब गाय.

जाताना मुलीने एक कागद दिला होता. कसं विंचरायचं, कुठे विंचरायचं, सगळं लिहून. मामांनी तो न वाचताच खणात टाकला. "केसांचं मला शिकवतेस?"

पहिला दीड महिना मजेत गेला. पैलवान सकाळी जिन्यावरून दुकानात उतरायचा आणि बाकावर दोन माणसांची जागा अडवून बसायचा. गिऱ्हाइकाच्या मांडीवर डोकं ठेवायचा, वाहत्या नळाखाली पंजा धरायचा. निवृत्त शाळामास्तर तर, डोक्यावर मोजून चार केस असूनही, आठवड्यातून दोनदा यायला लागले. मामा रोज बोक्याच्या पाठीवरून कंगवा फिरवायचे. पाठ कशी रेशमासारखी! पण या जातीचे केस दोन थरांचे. वरचे लांब आणि सरळ, खालचे कापसासारखे मऊ, आणि गुंता होतो तो खाली: काखेत, पोटावर, कानांमागे. मामांची नजर आरशात दिसेल तेवढंच पाहणारी. एकदा त्याला उचलून घेताना काखेत टणक काहीतरी हाताला लागलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं.

मामा जराही घाबरले नाहीत. आधी पाणी, मग कंगवा, ही त्यांची आयुष्यभराची रीत. सुट्टीच्या दिवशी त्यांनी टबात कोमट पाणी घेतलं आणि पैलवानाला न्हाऊ घातलं. पाण्याची आवड असलेला तो प्राणी आनंदाने बसला. मग मामांनी कंगवा लावला. स्वेटर गरम पाण्यात आटतो, तशा त्या गाठी आटून कातडीला घट्ट चिकटल्या होत्या. पैलवानाने अंग काढून घेतलं. मामांचा हात सवयीने त्याच्या खांद्यावर गेला. "दोन मिनिटं, बाळा." आणि त्यांनी ओढलं.

पैलवान किंचाळला. तसा आवाज त्याने कधीच काढला नव्हता. निसटून तो कपाटावर जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत उतरला नाही. पुढचे दोन दिवस मामा खोलीतून गेले तरच तो जेवायचा. चालताना पुढचा पाय अवघडल्यासारखा टाकायचा.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मामांची अगदी बिनपाण्याने केली. "गाठी भिजवतं का कोणी? कोरड्याच सोडवायच्या, बोटांनी!" मग त्यांनी पैलवानाच्या छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. "याच्या हृदयाचा आवाज मला बरा वाटत नाही. गुंगी देऊन हे सगळं भादरता आलं असतं, पण याला गुंगी सोसेल की नाही, सांगता येत नाही. महिनाभर जागेपणीच सोडवून बघा. नाही जमलं तर कातडी फाटायला लागेल, मग मला गुंगी द्यावीच लागेल."

मामांनी पैलवानाकडे पाहिलं. "मी करतो."

"आणि तो उठला की थांबायचं. लगेच."

"अर्ध्यावर?"

"अर्ध्यावर."

त्या दिवसापासून मामा दुपारी दुकान बंद करून वरच्या खोलीत जमिनीवर बसू लागले. गप्प. गल्लीला वाटलं, मामा आजारी आहेत. पहिले चार दिवस पैलवान कपाटावरून नुसता बघत राहिला. पाचव्या दिवशी उतरला आणि हातभर अंतरावर बसला. आठव्या दिवशी त्याने मामांच्या गुडघ्याला डोकं घासलं, आणि मामांना इतकं भरून आलं की ते कंगवा हातात घ्यायचंच विसरले.

मग काम सुरू झालं. गाठीत चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळायचं, कातडी ओढली जाऊ नये म्हणून मुळाशी दोन बोटांनी धरायचं आणि टोकाकडून एकेक केस मोकळा करायचा. चार मिनिटं होताहेत तोवर पैलवान उठून चालू लागायचा. मामांचा हात खांदा दाबायला शिवशिवायचा. शेवटी ते त्या हातावरच बसायला लागले. दिवसाला जेमतेम अर्धी गाठ सुटायची, आणि डावीकडून राजा, उजवीकडून जटाधारी साधू असा तो बोका दुकानभर हिंडायचा.

"मामा, हे तुमचंच काम का?" मास्तरांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं.

"माझंच," मामा म्हणाले, आणि पुढे एक शब्द बोलले नाहीत. मास्तरांनाच ओशाळल्यासारखं झालं.

मुलीचा व्हिडिओ कॉल आला की मामा पैलवानाची डावी बाजू पुढे करायचे. दोनदा खपून गेलं. तिसऱ्यांदा त्यांनाच राहवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं, न वाचलेल्या कागदासकट. "परवा येतेच आहे मी," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

ती आली तेव्हा महिन्याचा शेवटचा दिवस होता आणि शेवटची गाठ उरली होती, काखेतली, सगळ्यांत वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. पैलवान तिच्या पायांत घोटाळला, चिवचिवला, आणि मग जाऊन मामांच्या मांडीला टेकला. मामांनी काम सुरू केलं. गाठ एका बारीक बटेवर आली, आणि पैलवानाने पाय ओढून घेतला. मामांनी हात वर केले.

"बाबा, एवढंसंच राहिलंय. मी धरते त्याला."

"नको. तो उठला."

"अहो, पण उद्या जर गुंगी—"

"नको म्हटलं ना!" मामा ओरडले. त्यांना भीती वाटत होती आणि ती लपवायचं त्राण उरलं नव्हतं.

पैलवानाने खोलीला एक चक्कर मारली, पाणी प्यायला, खिडकीतून खाली बघितलं. मग सावकाश परत आला, मामांच्या मांडीवर धपकन आडवा झाला आणि त्याने पाय वर केला. मामांची बोटं हलकेच फिरली. गाठ हातात आली.

मामांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मुलगी त्यांच्याकडेच बघत होती.

"माझ्या वेळी तुम्ही कधी थांबला नाहीत," ती म्हणाली.

आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. शाळेआधी मामा तिला गुडघ्यांत धरून विंचरायचे, ती रडायची आणि ते वेणी पुरी करायचे. अकराव्या वर्षी तिने दुकानातल्या कात्रीने केस स्वतःच कापून टाकले आणि पुन्हा कधी त्यांना हात लावू दिला नाही. हा किस्सा मामांनी कितीतरी गिऱ्हाइकांना हसत हसत सांगितला होता.

"मला वाटायचं, लवकर आटपलं की कमी दुखेल," ते म्हणाले. "चुकलंच गं माझं."

ती उठली. जिना उतरून दुकानात गेली. मामा मागोमाग आले, तर ती आरशासमोरच्या खुर्चीत बसली होती.

"मानेवरचे वाढलेत जरा," ती म्हणाली.

मामांनी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं. पहिल्यांदा गाठ घट्ट बसली, ती सोडून त्यांनी सैल बांधली.

"दुखलं तर सांग," ते म्हणाले. "मी थांबेन."