मोहाच्या झाडावरचा गेरू

वजन घेण्याच्या कामात मी आजही कुणाला हार जाणार नाही. घुग्घुसच्या कोळसा डेपोवर चार वर्षं काट्यावर होतो. ट्रक काट्यावर चढला की आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि ट्रकच्या फळीवर खडूने रेघ ओढायची. रेघ असली की वाद नाही, नसली की तोच ट्रक पुन्हा रांगेत. माझी शाळा सहावीत सुटलेली. घर वेंगुर्ल्याकडे समुद्राकाठी, आणि मी महाराष्ट्राच्या या टोकाला. इथून हाकललं तर घरी जाऊन सांगायचं काय, या धास्तीने प्रत्येक आकडा तीनदा बघायची सवय लागली होती. त्या सवयीमुळेच मला पुढचं काम मिळालं.

मॅडम चंद्रपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. बौद्ध घरातल्या. वडील आमच्याच डेपोवर मुकादम. वडिलांना भेटायला आल्या की त्या माझ्याकडे बघत उभ्या राहायच्या. एक दिवस म्हणाल्या, "तुम्ही तीनदा का पाहता?"

"भीती वाटते म्हणून."

"मग मले असाच माणूस पाहिजे," त्या म्हणाल्या.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ती. मॅडमना मोहाच्या झाडांचा अभ्यास करायचा होता. कोणतं झाड किती फूल देतं, झाडाच्या वयाने काय फरक पडतो, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या मोह वेचणाऱ्यांना ठाऊक होतं, पण कागदावर कुणी मांडलं नव्हतं. कॉलेजात ना पुस्तकं ना साधनं, वर स्टाफरूममधले टोमणे. "मोहफुलं मोजता का मॅडम? मोजून झाली की गाळून थोडी इकडंही पाठवा!" मॅडमनी दिल्लीच्या एका विज्ञान-संस्थेला अर्ज केला. देशभरातले शास्त्रज्ञ तिचे सभासद. संस्थेने तीन वर्षांची मदत दिली, प्रत्येक वर्षाचा अहवाल पाहून पुढचं वर्ष, या अटीवर. शिवाय मॅडम मागतील ते लेख तिथल्या ग्रंथालयातून नक्कल काढून टपालाने येऊ लागले. जाड पाकीट आलं की मॅडम ते आधी छातीशी धरायच्या, मग फोडायच्या.

पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या एका गावात मी राहायला गेलो. वीस झाडं निवडली. तिकडे मोहाचं झाड सरकारी जागेत असलं तरी ठरलेल्या घराचंच असतं, दुसरं कुणी त्याखालचं फूल वेचत नाही. सकाळी बायका वेचायच्या, झाडागणिक वेगळी टोपली आणायच्या, मी फांदीला टांगलेल्या ताणकाट्यावर ती तोलायचो. झाडं ओळखायला मॅडमनी पत्र्याचे नंबर दिले होते, रुपयाच्या नाण्याएवढे. ते डहाळीला बांधायचे, एवढंच. पण ते दुरून दिसेनात. मी काट्यावरचा माणूस, खूण ठसठशीत हवी. बाजारातून गेरू आणला आणि वीसही झाडांना छातीच्या उंचीवर हातभर रुंद पट्टा ओढला. मॅडमना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. मोहाच्या हंगामात कॉलेजच्या परीक्षा असतात, त्यामुळे त्या आल्या नाहीत. पुढे पावसाने गेरू धुऊन नेला.

त्या हंगामात वजनं फार कमी भरली. मॅडमनी अहवालात लिहिलं की या भागातली जुनी झाडं थकली आहेत. अहवाल दिल्लीला गेला.

उत्तर हिवाळ्यात आलं. दक्षिणेतल्या कुठल्याशा शहरातल्या एका वयस्क सभासदाकडे अहवाल तपासायला गेला होता. त्यांनी मोहाचं झाड कधी पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. दुसरं वर्ष मंजूर झाल्याचं पत्र घेऊन मॅडम गावात आल्या आणि खाली लिहिलेला प्रश्न मला मराठीत सांगितला. खुणेच्या झाडांशेजारी बिनखुणेची झाडं असतीलच, त्यांचं वजन घेतलं का?

"नाई घेतलं," मॅडम म्हणाल्या. "आता घ्या."

खूण म्हणजे त्यांच्या मनात पत्र्याचा नंबर होता. माझ्या मनात गेरू होता, पण तेव्हा त्यात मला काही वावगं दिसलं नाही. पुढच्या हंगामात मी पट्टे पुन्हा ओढले आणि शेजारची झाडंही तोलायला लागलो.

चौथ्या दिवशी मी वही तीनदा बघितली. पट्ट्याचं झाड एक टोपली देत होतं, तर बिनपट्ट्याचं तीन. एका म्हाताऱ्या बाईची दोन झाडं शेजारी शेजारी होती, बुंधे सारखेच. मी तिला विचारलं, "बाई, दोन्ही झाडं तुमचीच, वयही सारखंच दिसतं. मग पट्ट्याचं एवढं कमी कसं देतं?"

तिने सुनेला हाक मारली. "आयकून घे व, काटेवाला भाऊ काय विचारून राह्यला!" सून तोंडाला पदर लावून हसली. "झाड पुरं देते भाऊ. आमीच अर्धं दाखवतो."

"काऊन?" तोवर त्यांचा शब्द माझ्याही तोंडी बसला होता.

म्हातारी म्हणाली, "तू पट्टा काऊन ओढला? जंगलखात्याचा माणूस पट्टा ओढते, मंग झाड पडते. तू तं पट्टाबी ओढते अन् मोहबी मोजते. सरकारले मालूम झालं का हे झाड लई देते, तं झाड सरकारचं. माह्या सासूच्या सासूचं झाड हाये हे."

"आणि उरलेलं फूल?"

"मागच्या साली घरी नेलं. औंदा बिनपट्ट्याच्या टोपलीत टाकतो. मोहफूल का झाडाचं नाव सांगते?"

म्हणजे दोन्ही आकडे खोटे. एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त, आणि मागच्या वर्षाचा खोटा आकडा मॅडमच्या सहीने दिल्लीत.

"पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का, बाई?"

"तू कुठी विचारलं? तू तं काट्याकडेच पाहे."

संध्याकाळी दोन्ही सालांच्या वह्या पुढ्यात घेऊन बसलो. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. सांगितलं तर तिसरं वर्ष जाणार, मॅडमचं काम बुडणार आणि माझी नोकरीही. पण काट्यावर चार वर्षं काढलेल्या माणसाला चुकीचं वजन माहीत असून वहीत ठेवता येत नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने चंद्रपूर गाठलं. मॅडम परीक्षेचे पेपर तपासत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि म्हणालो, "माझ्या नावाने कळवा मॅडम. मला काढून टाका."

त्यांनी हातातल्या लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "आधी बसा. तुमाले काढू? मग वजन कोण घेईल, स्टाफरूम?" त्यांनी पेपर बाजूला सारले आणि कोरा कागद ओढला. "पहिला निष्कर्ष मी परत घेते. बाकी सांगा, गेरू काऊन लावला तिथून."

मी डेपोच्या खडूपासून सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. चार पानं झाली. सही करताना त्यांचा हात थांबला. "हसतील," त्या म्हणाल्या. मग सही केली.

पावसाळा सरेपर्यंत दिल्लीहून काही आलं नाही. मी घरी पत्र लिहायचं टाळत होतो. मग उत्तर आलं. तिसरं वर्ष मंजूर. त्या सभासदांनी हाताने लिहिलं होतं की दोन वर्षांची वजनं टाकून द्या, ही चार पानं मात्र टाकू नका, माणसं झाडाचं फूल का लपवतात हेही अभ्यासातच येतं. जंगलात झाडांना खुणा करून काम करणाऱ्या इतर सभासदांना त्यांनी त्या पानांच्या नकला पाठवल्या होत्या. सहावी झालेल्या माणसाची चूक देशभरच्या विद्वानांनी वाचावी आणि कुणी त्याला हाकलू नये, याचे उपकार मी आजवर विसरलेलो नाही.

तिसऱ्या हंगामाआधी मॅडम रजा घेऊन आल्या. आम्ही घरोघर जाऊन हे वजन कशासाठी आहे ते सांगितलं. कुणी ऐकलं, कुणी मान फिरवली. मग मी ओलं पोतं घेऊन उरलेसुरले पट्टे घासायला लागलो. म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी. "जोरानं घास भाऊ, ओढतानी लई जोर होता तुले!"

पत्र्याचे नंबर झाडाला लावूच नका, असं बायकांनीच सांगितलं. ज्या घरचं झाड, त्या घरी नंबर, टोपलीबरोबर आणायचा. पहिल्या सकाळी म्हातारीने पदराची गाठ सोडून नंबर माझ्या हातात ठेवला आणि गेल्या दोन सालांत पट्टा मिरवलेल्या झाडाची टोपली काट्याच्या आकड्याला अडकवली. काठोकाठ भरलेली. काटा खाली गेला, खालीच गेला. मी वाकून बघितलं. पुन्हा बघितलं.

"अजून एकडाव पाहून घे," ती म्हणाली. "मंग लिव."