उसाच्या रांगेतली पांढरी गाडी

प्रवासाला निघणाऱ्याला लोक विचारतात, पाणी घेतलं का, पैसे घेतले का. आमच्या घरी आधी विचारतात, झोप झाली का. त्या सकाळी वहिनीने तेच विचारलं.

“वन्सं, झोप बराबर झाली का?”

“झाली.”

“मधी उठलात?”

“एकदा. पाण्याला.”

मग तिने स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची गाडीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. गाडी माझी, किल्ली वहिनीच्या खिळ्यावर. ही व्यवस्था आम्ही दोघींनी मिळून ठरवलेली आहे आणि मला तिचं काही वाईट वाटत नाही.

मला बायपोलर आजार आहे. बराच काळ सगळं ठीक असतं. मग कधी मन तळाला जाऊन बसतं, तर कधी असं उधळतं की झोप लागत नाही आणि दुकानात दिसेल ते घरी आणावंसं वाटतं. अशाच एका उधाणात मी जेवणाच्या सुट्टीत शोरूममध्ये जाऊन तिथली सगळ्यात मोठी लाल गाडी बुक करून आले होते. तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती. दादा जाऊन ते रद्द करून आला.

पुढे गोळ्या लागू पडल्या, मी चालवायला शिकले आणि एक वापरलेली पांढरी छोटी गाडी मनात भरली. तेव्हा वहिनीने अट घातली, “खरीप जाऊ द्या, रब्बी जाऊ द्या. तरी बी हीच पाहिजे वाटली, तर घ्या.” मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बियांची उगवण तपासते. एका हंगामात चांगलं आलं म्हणून नवं वाण आम्ही बाजारात देत नाही, त्यामुळे अट मला लगेच पटली. खरिपात माझं मन खाली होतं, रब्बीत सरळ होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. गाडी घेतली.

पण गेल्या पावसाळ्यात मी पुन्हा खाली गेले. गाडी महिनोन्महिने ताडपत्रीखाली उभी राहिली आणि बॅटरी उतरली. दादा म्हणाला, उभ्या गाडीचे हप्ते कशाला भरायचे? आमच्या गल्लीतले पाटील सर ती घ्यायला तयारच होते. मी हट्ट धरला, तेव्हा दादाने तोड काढली. मी एकटीने परतूरला मावशीकडे जायचं आणि दिवे लागायच्या आत जालन्यात परत यायचं. जमलं तर गाडी राहील. नाहीतर भोगीच्या दिवशी पाटील सर येऊन घेऊन जातील. मी निघाले तो भोगीचा आदला दिवस होता.

वाटूरमार्गे परतूर सरळ आहे. मी मात्र अंबडकडे वळले, कारण मावशीने फोनवर सांगितलं होतं, “सुगडात घालायला ऊस आण गं.” संक्रांतीला सुगडात (पूजेच्या छोट्या मडक्यात) उसाचे करवे, बोरं, गाजर, हरभरा असं सगळं घालतात. ऊस आणायचा तर कारखान्याकडचाच आणावा, असं माझ्या डोक्याने घेतलं. अंबडवरून साखर कारखान्याचं अंकुशनगर आणि तिथून घनसावंगीच्या अंगाने परतूर. वेळ भरपूर होता.

रस्ता हिवाळ्यातला, छान. ज्वारी कणसात आलेली, तुरी काढणीला आलेल्या, मधूनमधून राहिलेला कापूस. ऊन अंगाला हवंसं वाटेल इतकंच. या रस्त्याने मी वर्षानुवर्षं एसटीने गेले आहे, पण एसटीतून मला ही शेतं कधी नीट दिसली नाहीत. माझ्या एका गोळीने सारखी तहान लागते. पाणी प्यायलं नाही तर ती गोळी बाधते, आणि प्यायलं की थोड्या वेळाने दुसरी अडचण उभी राहते. एसटीत ड्रायव्हरला किती वेळा थांबवणार? मी एकतर तहानलेली बसायची नाहीतर ओठ आवळून. गाडी मला का हवी, याचं हे खरं कारण आहे. लोकांना वाटतं मला मिरवायचं आहे.

अंबडला देवीच्या टेकडीखाली थांबले. माशासारखी लांबट टेकडी, वर मत्स्योदरीचं देऊळ. पायऱ्या चढून दर्शन घेतलं, खाली येऊन चहा आणि मिरचीभजी. लिंबू-मिरचीवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली.

“ताई, नवी गाडी दिसून राह्यली. बांधू का?”

“जुनीच आहे.”

“मंग तर बांधाच. जुनीला लई नजर लागती.”

बांधून घेतली. त्याने गाडीला नमस्कारही केला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

पुढे एका शेताच्या कडेला आगटी पेटलेली दिसली, म्हणून उतरले. एक जोडपं हुरडा भाजत होतं. कोवळी ज्वारी तळहातावर चोळून, फुंकून, वर लसणाची चटणी. मी पैसे काढले तसा तो माणूस म्हणाला, “हुरड्याचे पैसे घेत असतेत का? बसा.” बसले. त्यांचं एक रेडकू खुशाल माझ्या गाडीला अंग घासत होतं. मला फार मजा वाटायला लागली, आणि मी सावध झाले. बाकीच्या माणसांना मजा आली की ती नुसती मजा असते. मला ती तपासून घ्यावी लागते. वहिनीला फोन केला.

“मजा येऊन राह्यली का लईच मजा येऊन राह्यली?” तिचा ठरलेला प्रश्न.

“साधीच.”

“तिथल्या माणसाला बोलू देऊन राह्यल्या ना?”

“देतेय. तोच बोलतोय.”

“मंग खा निवांत.”

अंकुशनगर जवळ आलं तसे ट्रॅक्टर वाढले. एकामागे दोन ट्रॉल्या, त्यांवर उसाचा डोंगर, आणि पुढे कर्ण्यावर गाणी. रस्त्यावर पाचट (उसाची वाळकी पानं) पसरलेलं. हवेत मळीचा आंबूस वास. मी एका ट्रॅक्टरच्या मागे लागले. त्याला ओलांडायला जागा नव्हती, मागून दुसरा आला. पुढचा डावीकडे वळला. मला समोर उसाशिवाय काहीच दिसत नव्हतं, म्हणून मीही वळले. रस्ता तोच असणार, असं धरून चालले. कमानीसारखं काहीतरी गेलं. मग दोन्ही बाजूंना बैलगाड्यांच्या रांगा दिसल्या, सोडलेले बैल दिसले, आणि पुढचा ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि तंबाखू मळायला लागला.

मी कारखान्याच्या यार्डात, ऊस मोजायच्या रांगेत उभी होते.

हॉर्न वाजवला. तो ड्रायव्हर खिडकीशी आला, आत वाकून मागच्या सीटवर पाहिलं.

“कोनाचा ऊस हाय, बाई? एक मोळी बी दिसंना.”

“मी चुकून आले. जरा मागच्याला मागे घ्यायला सांगता का?”

त्याने मागे पाहिलं आणि हसला. “डबल ट्रॉली हाय ती. मागं घेतली का मोडतीच. आन तिच्या मागं अजून आठ-दहा लागल्यात. आता वजनकाट्यापोत्तर चला आमच्यासंगं. काट्याच्या पल्याड वाट हाय.”

“किती वेळ लागेल?”

“नंबर येईल तवा.”

मागचा ड्रायव्हर ओरडला, “ए, बाईला टोकन देऊन टाक! गाडीचं वजन करून घेऊ!”

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसले. रडून ट्रॅक्टर मागे जाणार नव्हता.

पण दुपार उतरायला लागली तशी माझी आकडेमोड बिघडली. इथून परतूर, परतूरहून जालना, तेही अंधाराच्या आत, हे जमणार नाही हे उघड दिसत होतं. रात्री जेवल्यावर माझी गोळी असते. ती घेतली की डोळे जड होतात, मग स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हा डॉक्टरांचा नियम. गोळी लांबवून गाडी हाकता आली असती. एका रात्रीने काय बिघडतं, असं मनात आलंही. दादाला कळलंही नसतं, गाडी वाचली असती. पण माझ्या आजारपणांची सुरुवात प्रत्येक वेळी अशाच एका रात्रीपासून झालेली आहे.

बाटलीतलं पाणी संपलं होतं. शेजारच्या बैलगाडीशी एक ऊसतोडीवाली बाई तीन दगडांवर चहा ठेवत होती. तिनेच हाक मारली.

“अव ताई, आत बसून उकडून निघाल की. या हितं सावलीला.”

तिचं नाव गयाबाई. बीडकडची. नवरा बैलांना वैरण आणायला गेला होता. तिने माझी बाटली कॅनमधून भरून दिली, ती मी तिथेच निम्मी संपवली.

“लई तहान लागती तुमाला. साखर हाय का?”

“साखर नाही. डोक्याची गोळी आहे, तिने लागते.”

“डोकं दुखतं?”

“दुखत नाही. फिरतं कधीकधी. गोळीने जागेवर राहतं.”

तिने दगडांमधलं जळण पुढे सारलं. मग म्हणाली, “माझ्या जावंचं बी असंच. तिला देवऋष्याकडं नेत्यात. गोळी हाय म्हणता त्याला?”

“आहे. सरकारी दवाखान्यात मिळते.” कुठल्या दवाखान्यात जायचं आणि केसपेपर काढताना काय सांगायचं, ते तिला सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून घेतलं. मग गाडीकडे हनुवटी उडवली. “आन गोळी खाऊन गाडी बी चालवता?”

“गोळी खाते म्हणूनच चालवता येते.”

“मालक काय म्हणत न्हाईत?”

“मालक मीच आहे.”

यावर ती एवढी हसली की चहा उतू गेला. निघताना तिने उसाची पाच कांडी माझ्या डिकीत घातली. “असं रिकामं काट्यावर जाऊ नये,” म्हणाली.

काट्याच्या खिडकीतल्या माणसाने चष्मा वर करून माझ्या गाडीकडे पाहिलं. “टोळी कोणती?”

“जालन्याची.”

“ऊस?”

“पाच कांडी.”

“मुकादम?”

“वहिनी.”

त्याने हाताने पुढे जा अशी खूण केली. त्याचा चेहरा मात्र शेवटपर्यंत तसाच कोरडा राहिला.

परतूरला पोचले तेव्हा स्टेशनवरचे दिवे लागायच्या बेतात होते. कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्यापासून मी लांबूनच गाडी काढली, पुन्हा कुठल्या रांगेत शिरायचं नव्हतं. मावशीच्या अंगणात गाडी लावली आणि ऊस काढून दिला. मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, “अगं, हितल्या बाजारात ढिगानं ऊस पडलाय! त्याच्यापायी कारखान्यात गेल्तीस?”

मग दादाला फोन केला. झालेलं सगळं सांगितलं. आज परत येत नाही, हेही.

“ठरलं काय होतं?” तो म्हणाला.

“अंधाराच्या आत यायचं. नाही जमलं.”

“पाटील सर उद्या येऊन राह्यलेत.”

“येऊ दे.”

फोन वहिनीकडे गेला. “जेवून गोळी घ्या आन पडा, वन्सं. भोगी करूनच या.”

गाडी गेली असं मी धरून चालले होते. वाईट वाटलं, जेवण मात्र पोटभर गेलं. गोळी घेतली आणि लवकर झोपले.

सकाळी भोगीची मिसळभाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. मावशीने निघताना गाडीच्या बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं. मी म्हटलं, मावशी, ही आज विकली जातेय. ती म्हणाली, “मंग काय झालं, सासरी जाणारीला लावत न्हाईत का?” वाटूर फाट्याला एकदा पाण्यासाठी थांबले. बाकी रस्ता सरळ, मन सरळ, मागे ट्रॅक्टर नाही. शेवटचीच फेरी असेल तर नीट चालवावी, म्हणून आणखी सावकाश आले.

ओट्यावर दादा आणि पाटील सर चहा पीत बसले होते. दादाने उठून गाडीभोवती फेरी मारली. बंपरमध्ये अडकलेलं पाचट उपसून हातात घेतलं.

“हे कुठलं?”

“सांगितलं ना. काट्यावरचं.”

सर हसायला लागले. “मंग काय ठरलं? किल्ली द्या म्हणजे मी जरा चालवून बघतो.”

मी किल्ली काढली. अट मोडली होती, आता वाद घालण्यात अर्थ नव्हता. दादाने हात मध्ये घातला.

“काल दिवे लागले तवा गाडी कुठं होती?” त्याने मला विचारलं.

“मावशीच्या अंगणात.”

“आन तू?”

“ओसरीवर. भाकरी खात.”

तो सरांकडे वळला. “सर, तुम्ही दुसरी बघा. मला भ्या हिच्या चालवन्याचं न्हवतं. ही थांबंल का न्हाई, त्याचं होतं.”

सरांनी उरलेला चहा संपवला आणि जाताना बंपरकडे बघून पुन्हा हसले. दादा मला म्हणाला, “किल्ली आता तुझ्यापाशीच ठेव.”

लोक विचारतात, तुला गाडी परवडते का. परवडते. आधी गोळ्यांचा खर्च, मग हप्ता, मग पेट्रोल. ज्या महिन्यात तिसऱ्याला उरत नाही, त्या महिन्यात गाडी उभी. ज्या महिन्यात मी उभी, त्या महिन्यातही गाडी उभी. उभी राहिली म्हणून ती माझी नाही, असं होत नाही. हे मला आधीपासून पटलेलं होतं. आता घरातल्यांनाही पटलं, एवढंच या प्रवासात घडलं.

मी आत गेले. वहिनी तीळ भाजत होती. तिने मान वर न करता विचारलं, “मजा आली का लईच मजा आली?”

“बेताची.”

“मंग बराबर हाय.”

मी किल्ली तिच्या खिळ्यावर अडकवली आणि ऊस सोलायला घेतला.