धवला तुटू नये म्हणून

ऐका हो ऐका! तमाम पाहुणेरावळे, शेजारीपाजारी आणि कुडापलीकडून कान लावून बसलेल्या बायांनो, एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करण्यात येत आहे. सदर बाईने, म्हणजे मी, उभ्या आयुष्यात पेटी, तबला, टाळ, इतकंच काय, साध्या टाळीच्याही साथीने कधी गाणं म्हटलेलं नाही. तरीही तारापूरच्या बाजूच्या दोन-तीन गावांत एक काळ असा होता, की माझ्या आवाजाशिवाय नवरीला हळद लागत नसे. कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला. नंतर मी कुणाला बोलू देत नाही.

हे गाणं म्हणजे धवला. लग्नात हळद जात्यावर पडल्यापासून ती नवरीच्या अंगाला लागेपर्यंत दोन बायका मांडी घालून बसतात आणि म्हणत राहतात. त्यांना धवलारणी म्हणायचं. वाद्य कुठलंच नाही. नियम एकच, सुरू झालेला धवला तुटता कामा नये. क्षणभर जरी शांतता पडली तरी बायका एकमेकींकडे बघतात, आणि पुढे त्या नवरीच्या घरात दूध नासलं तरी त्या शांततेचं नाव निघतं. म्हणून तर दोघी. एकीचा श्वास संपायच्या आत दुसरी तिच्या ओळीचं शेपूट धरते, तेवढ्यात पहिली श्वास भरून घेते. ऐकणाऱ्याला वाटावं, एकच बाई आहे आणि तिला श्वास लागतच नाही.

मी पालघरची, स्टेशनजवळच्या चाळीत वाढलेली. सत्तरचं दशक संपता संपता लग्न होऊन दांडीच्या अलीकडच्या एका गावात, चिकूच्या वाडीत आले. सासू गावची धवलारीण. तिची जोडीदारीण म्हणजे तिची थोरली जाऊ, ती मी यायच्या आधीच्याच पावसाळ्यात वारली होती. एके दिवशी मी मोरीत भांडी घासत सिनेमातलं काहीतरी गुणगुणत होते, तर सासू दारात येऊन उभी. मला वाटलं, झाला आता माझ्या माहेरचा उद्धार.

"सूर हाय तुज्यात," ती म्हणाली. "पर हगवणीसारका हाय. कुटं थांबत नाय."

माझं गाण्याचं शिक्षण या कौतुकाने सुरू झालं.

शाळा विहिरीवर भरायची. पोहरा तळातून वर येईपर्यंत एकच ओळ धरायची, मध्ये श्वास घ्यायचा नाही. दोराने हात सोलवटायचे आणि ओळ अर्ध्यात मरायची. तेव्हा कठड्याशी बसलेली सासू ती अलगद उचलून घ्यायची आणि हाताने खूण करायची, घे श्वास, धवला मी धरलाय. पण साथीला वाद्य नसलं की सूर जागेवर राहत नाही. कुणाचा घसरतो, माझा चढायचा. सुरुवात करायचे अंगणात, शेवटची ओळ येईपर्यंत शेंड्यावर पोचलेली असायचे. मग सासू पदराखालून माझ्या गुडघ्याला चिमटा काढायची आणि चारचौघींत ओरडायची, "माडावर चढलीस गो! उतर खाली!"

धवलारीण म्हणून बसले त्या पहिल्याच लग्नात मी डोळे मिटून, मान डोलावून, हात छातीशी नेऊन असा काही धवला म्हटला, की नवऱ्याकडची एक म्हातारी घाबरून सासूला म्हणाली, "हिच्या आंगात आलंय का गो?"

"नाय," सासू म्हणाली. "पालघरची हाय."

सात-आठ वर्षं आम्ही दोघी असं गात राहिलो. ती कुठे संपते आणि मी कुठे सुरू होते हे माझ्या नवऱ्यालाही ओळखता येईना. मी सूर थोडा खाली धरायला शिकले, श्वास पोटातून घ्यायला शिकले, आणि समोर खाण्याचं ताट आलं तरी ओळ न सोडायला शिकले. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

मग एका हंगामात माझ्या लक्षात आलं की ओळ उचलायची माझी पाळी लवकर येतेय. पूर्वी सासू ओळीच्या शेवटच्या शब्दाला माझ्याकडे बघायची. आता दोन शब्द आधी बघायची, मग तीन. मला वाटलं, तिचा माझ्यावर विश्वास बसला. मी फुगले. शेजारणींना सांगत सुटले की आता निम्म्याहून जास्त धवला मीच म्हणते. इतकी मोठी मूर्ख त्या पंचक्रोशीत दुसरी नसेल.

ज्या दिवशी भात उकडायला चूल पेटवली होती त्या दिवशी ती विहिरीच्या कठड्यावर दोर हातात धरून बसली आणि तिला उठता येईना. ओठ जांभळासारखे झाले होते. बांगड्या भरायच्या निमित्ताने मी तिला बोईसरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. चुलीच्या धुराने छाती खाल्लीय म्हणाला, क्षय नाही, पण आता फार दिवसही नाहीत.

परतताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती.

"क्षय नाय म्हनाला ना?"

"नाही म्हणाला, आई."

"लोकं त्यातला 'नाय' आयकनार नायत."

तिची धाकटी मुलगी, माझी नणंद, हिचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलं होतं. मुलगा कारखान्यात पाळीवर जाणारा, सरावलीत खोली घेऊन राहणारा, घरचे मासवणचे. माणसं चांगली होती, पण आईची छाती बिघडलीय असं कळल्यावर चांगली माणसंही मुलगी पाहायला दुसरीकडे जात. मी म्हटलं, "मग तुम्ही गाऊ नका. दुसरी कुणी बसवू माझ्याबरोबर."

"धवलारनीच्या पोरीची हलद, नि आय गप बसलेली? तेव्हा तर सगल्याच इचारतील, काय झालं म्हनून."

म्हणजे लपायला जागा होती ती गाण्याच्या आतच.

पुढचे चार महिने मी जे नाटक केलं त्याला तोड नाही. ती खोकली की मी तिच्या वर खोकायचे, मोठ्याने, डोळ्यांत पाणी आणून, छाती धरून. गावभर झालं, सूनबाईला सर्दी सोडत नाही. नवऱ्याने माझ्यासाठी औषधाच्या बाटल्या आणल्या. रात्री मी त्या तिला पाजायचे, उरलेलं स्वतः प्यायचे. एक-दोन बायकांनी तर सासूला बाजूला घेऊन सांगितलं, "सुनेला दाखवा कुनाला तरी, लक्षन बरं नाय." सासू गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "माहेरूनच आनलंय तिनं." मला हसू आवरेना, म्हणून मी पुन्हा खोकले.

वैशाखात मांडव पडला. बोईसरहून कर्णेवाला आला होता, यूपीकडचा. तो सासूपुढे वाकून म्हणाला, "माताजी, माइक इधर रख दूँ? आवाज़ रोड तक जाएगी."

"आमचा जातो रोडपतुर. तुजा तू ठेव."

बायकांनी वाहवा केली. जुनी रीत सोडत नाही हो! मी मान खाली घातली. तो माइक समोर आला असता तर तिच्या छातीतली शिट्टी रस्त्यापर्यंत गेली असती, हे आम्हा दोघींनाच माहीत होतं.

नवऱ्या मुलाकडून उष्टी हळद आली. त्याची आत्या नवरीसमोर बसली, आमच्यापासून हातभर अंतरावर. आम्ही धवला धरला. पहिल्या ओळी सासूने पुऱ्या म्हटल्या. मग अर्ध्या, मग फक्त पहिला शब्द. त्यानंतर तिचे नुसते ओठ हलत राहिले आणि दोघींचं मी एकटी म्हणत होते, एक आवाज तिचा काढून आणि एक माझा. जिथे मिळेल तिथे श्वास चोरत होते. लेकीच्या गालाला हळद लागत होती आणि सासू तिच्याकडे बघत होती.

तेवढ्यात मी चूक केली. मी सासूकडे पाहिलं. तिचे ओठ पुन्हा जांभळे झाले होते. ते बघताना श्वास घ्यायची जागा निघून गेली, ओळ संपली आणि माझ्यात काहीच उरलं नाही.

धवला तुटला.

मांडवामागे चिकू पडल्याचा आवाज आला, इतकी शांतता. आत्याचा हळदीचा हात हवेत थांबला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि तिची नजर तिथेच राहिली.

आणि नवरीने तोंड उघडलं. हळदीच्या पाटावर नवरीने मान वर करायची नसते, गाणं तर लांबच. या पोरीने कधी धवला म्हटला नव्हता, पण विहिरीवरची आमची शाळा ती वर्षानुवर्षं घरातून ऐकत होती. पुढची ओळ तिने बरोबर उचलली. मागून कुणीतरी म्हणालं, "अगो, नवरी सोताच्याच हलदीला गाते!" ती थांबली नाही. फक्त शब्दांबरोबर तिने माझी खोडही उचलली होती. ओळीगणिक तिचा सूर वर वर चालला.

आता पुढचं आधी सांगून टाकते, कारण शेवट मला तिथे करायचा नाही. लग्न मोडलं नाही. सासू आषाढात गेली, ऐन लावणीच्या दिवसांत. पुढे आत्या भेटायला आली तेव्हा तिने विचारलं, काय झालं होतं त्यांना? मी म्हटलं, म्हातारपण. सासू पन्नाशीची होती. आत्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विषय बदलला. मला वाटतं, तिला त्या दिवशीच कळलं होतं. गावात नंतर कॅसेट आल्या. मला दुसरी जोडीदारीण मिळाली नाही. एकटीने धवला म्हणता येत नाही, मी करून पाहिलंय.

तर त्या मांडवात. पोर गात होती, मी श्वास भरून घेत होते, आत्याचा हात अजून हवेत होता. सासूच्या छातीत कुठूनतरी एक पुरा श्वास आला. मला तो येताना दिसला. मला वाटलं, आता ही लेकीची ओळ धरणार. पण तो श्वास तिने गाण्यावर घालवला नाही. सगळा मांडव आधी दचकला आणि मग इतका हसला, की आत्याने हसत हसतच हळद नवरीच्या दुसऱ्या गालाला लावली. सासू लेकीवर ओरडली होती:

"माडावर चढलीस गो! उतर खाली!"