न सापडलेल्यांचा दगड

एकाहत्तरच्या युद्धाला दोनेक वर्षं झाली असतील. वास्तुशास्त्राची पदवी घेऊन मी धंतोलीत एका दवाखान्याच्या माडीवर टेबल मांडलं होतं. कामं म्हणजे कुणाचं स्वयंपाकघर वाढवायचं, कुणाचा जिना बदलायचा. एके दिवशी खालच्या औषधाच्या दुकानाचे बंगाली मालक वर आले. ते पोरवयातच बंगालातून नागपुरात आलेले, मराठी आमच्यासारखंच.

"ताई, पूर्व बंगालात आमची जी माणसं कापली गेली, त्यांचं स्मारक करायचं आहे. प्रताप नगरच्या नव्या बागेत एक कोपरा मिळून राहिला. तुम्ही नकाशा काढून द्या."

मी हो म्हटलं आणि घरी जाऊन कोऱ्या कागदापुढे बसले. कॉलेजात शाळा, बसस्टँड, हॉस्पिटल शिकवलं होतं. गावंच्या गावं पेटवून मारलेल्या लोकांना उंची किती द्यायची, हे कुणी शिकवलं नव्हतं. शहरात पुतळे होते, पण ते एकेका मोठ्या माणसाचे. ही माणसं मोठी नव्हती, नुसती होती.

"काय काढून राहिली वं?" वडिलांनी विचारलं. ते उमरेडच्या विणकराच्या घरातले, हातमाग सोडून गिरणीत लागलेले. मी सांगितलं.

"तिकडं मेले, तं दगड इकडं काहून?"

एवढं म्हणून ते हात धुवायला उठले.

मी एक तुटलेला खांब काढला. स्मारकासाठी नेमलेल्या समितीच्या बैठकीत तिथल्या नगरसेवकांना तो आवडला नाही. "लढाई आपण जिंकलो ना? मंग असं रडकं काहून? बंदूक घेतलेला जवान उभा करा." एका वकिलांना देवीचं मंदिर हवं होतं. मी खोडरबर घेऊन सगळ्यांचं ऐकत राहिले. प्रत्येकाचं बोलणं संपेपर्यंत ते मला पटायचं.

शेवटी दुकानदार म्हणाले, "माझ्या दीदीला भेटून या."

त्यांची ही मोठी बहीण तिकडेच वाढलेली, युद्धानंतर एकटीच भावाकडे आली होती. दुकानदारांच्या घरी, माडीवरच्या खोलीत, मोडक्या हिंदीत त्यांनी मला बसायला सांगितलं, स्वतः उभ्याच राहिल्या. स्मारकाचं ऐकल्यावर विचारलं, "किसका?"

"जो मारे गए, उन सबका."

त्या म्हणाल्या, नवऱ्याला अंगणात गोळी घातली, ते मी पाहिलं. मुलाला कॉलेजातून ट्रकमध्ये घालून नेलं, ते मी पाहिलं नाही.

"पति का बनाओ. बेटे का मत बनाओ. वो गया है, मरा नहीं."

मला जिन्याखाली सोडायला आलेले दुकानदार हळूच म्हणाले, "त्या ट्रकमधलं कुणीच परतलं नाही. दीदीलाही कळत असेल. मी कधी विचारलं नाही."

आता तर मला काहीच सुधरेना. समितीने ठरवल्याप्रमाणे दगडावर कुणाची नावं येणार नव्हती, फक्त 'पूर्व बंगालात मारल्या गेलेल्या सर्वांच्या स्मरणार्थ' एवढंच. पण त्या 'सर्वांच्या'मध्ये त्यांचा मुलगा होता. पुढच्या बैठकीत मी सुचवलं, खाली अजून एक ओळ घालू: 'आणि ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांच्यासाठी'.

एक वृद्ध गृहस्थ ताडकन उठले. तिकडं लग्न करून दिलेल्या त्यांच्या मुलीला घरातून उचलून नेलं होतं.

"पत्ता लागला नाही म्हणजे काय? जत्रेत हरवली का माझी पोर? मारली म्हणा! नाहीतर मारणारे उद्या म्हणतील, आम्ही कुठं काय केलं!"

त्यांचंही खरं होतं. घरी येऊन मी कागद गुंडाळून ठेवला आणि बरेच दिवस उघडला नाही.

शेवटी कागदावर दोन दगड काढले. एक उभा, काळा, त्यावर ती आधीचीच ओळ. दुसरा त्याच्यापासून थोडा दूर, बुटका आणि कोरा. समितीने विचारलं, हा कशाला? मी म्हटलं, "बसायला." तोवर सगळे थकले होते, मंजूर झालं.

उद्घाटनाला नगरसेवक जवानांवर बोलले. दीदी आल्या होत्या. उभ्या दगडापाशी त्यांनी फुलं ठेवली, मग कोऱ्या दगडाकडे पाहत राहिल्या.

"इस पर कुछ नहीं लिखा?"

"नहीं."

"तो क्यों रखा?"

तुमच्या मुलासाठी, असं म्हटलं असतं तर तेही स्मारकच झालं असतं. मी पुन्हा म्हटलं, "बैठने के लिए." त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही. त्या बसल्या नाहीत. भावाचा हात धरून रिक्षाकडे गेल्या.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्या वारल्या. तोवर माझं ऑफिस धरमपेठेत गेलं होतं. दुकानदार शोधत आले. म्हणाले, "दीदी रोज संध्याकाळी बागेत जायची. गवतावर बसायची, त्या दगडावर कधीच नाही. आता त्यावर पोराचं नाव कोरायचं का?"

"त्या काही बोलल्या होत्या?"

"नाही ना. म्हणून तर तुम्हाले विचारून राहिलो."

दुसऱ्या दिवशी आम्ही बागेत भेटलो. दगड कोरणाऱ्याला त्यांनी बोलावूनच ठेवलं होतं. तो छिन्नी काढून बसला आणि आम्ही दोघं उभे राहिलो. मी म्हणायचे कोरा, तर ते म्हणायचे नको. ते हो म्हणाले की मला नको वाटायचं. ऊन चढलं. शेवटी बागेबाहेरच्या टपरीवर त्या कोरणाऱ्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. सायकलवर बसताना त्याने विचारलं, "उद्या येऊ का?" दुकानदार माझ्याकडे पाहायला लागले, मी त्यांच्याकडे.