सगळ्यात मोठं कुलूप

ऑफिसात माणसं तीन आणि किस्से पोतंभर. कारण मी कुणावर विश्वास ठेवत नाही! बुऱ्हाणपूरच्या केळी बाजारात येणाऱ्या गाड्यांची वजनं आणि गेटपास आमच्या डेटाबेसमधून निघतात. त्यातल्या टेबलमध्ये, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, बदल करायचा तर आधी लॉक लावावं लागतं. हलकं लावलं तर बाकीच्यांचं काम चालू राहतं, मधलं लावलं तर नुसतं बघता येतं, सगळ्यात मोठं लावलं तर कुणाला बघताही येत नाही. मला मोठंच आवडतं.

*

एकदा नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून इंडेक्स करायला घेतला आणि दया येऊन मधलं लावलं. लगेच गेटवरच्या सुभाषभाऊंचा फोन. "भाऊ, फोपनारची गाडी काट्यावर उभी आहे, वजन चढू नाही राहिलं!"

"नवीन चढणार नाही. जुनं बघता येईल."

"मग काय, जुनं वजन दाखवून वापस पाठवू गाडीला?"

*

एक कॉलम वाढवायचा होता. क्षणाचं काम, पण कुणी टेबल नुसतं बघत असेल तरी मोठं लॉक लागत नाही, त्यामुळे होईचना. माझ्यामागे गेटची सगळी कामं रांगेत अडकली. शोधलं तर आमच्या रेखाताई! रिपोर्ट उघडा टाकून चहाला गेलेल्या.

"मी तं नुसती बघू राहिली होती!"

"नुसतं बघणाऱ्यांवरच माझा जास्त संशय असतो," मी म्हणालो.

*

तेव्हापासून नियम केला. बदलाआधी सगळ्यांनी कीबोर्ड सोडून उभं राहायचं, मालक महाजन सरांनीसुद्धा. असेच उभे असताना जसोंडीचे एक काका आले. आम्हाला बघून त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली, आणि बऱ्याच वेळाने हळूच विचारलं, "कोण गेलं?"

*

मग बाजारातल्या व्यापाऱ्यांनी सरांना सांगून टाकलं, "गेट अजून एकदा थांबलं, तर तुमचं सॉफ्टवेअर बंद!" आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे हा बाजार एकच. सरांचा चेहरा पाहून मला खरंच भीती वाटली. पुढचा बदल मी गेट उघडायच्या आत उरकायचं ठरवलं. मध्ये कुणी शिरू नये म्हणून सकाळी घरूनच सगळ्यात मोठं लॉक लावलं, लॅपटॉप तसाच चालू ठेवला आणि ऑफिसात आलो.

ऑफिसातून मला आत शिरता येईना! माझ्या नावाने कुणी दुसरं घुसू नये म्हणून एका वेळी एकाच ठिकाणाहून शिरता येईल, अशी सोय मीच केली होती. लॉक तोडायचा अधिकारही मी दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. घरचा लॅपटॉप आत बसलेला, गेटवर गाड्यांचे हॉर्न, आणि सर माझ्याकडे बघताहेत.

बायकोला फोन लावला. "सुनीता, माझा लॅपटॉप बंद कर!"

"नाही करणार."

"अगं, मी सांगतोय!"

"सकाळी तुम्हीच बोलले ना, माझं नाव घेऊन कुणी सांगितलं तरी हात लावू नको?"

"पण मीच बोलतोय!"

"कशावरून?"