त्रेचाळीस हरकती आणि एक इसम

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शनिवारी, सकाळी पावणेअकराला, माझ्या सासुरवाडीच्या त्रेचाळीस जणांच्या हरकती बनावट ठरल्या. हरकती खऱ्या होत्या. फक्त त्या मी सुधारल्या होत्या.

सासुरवाडी कोकणात, समुद्राला लागून. किनाऱ्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा एका सल्लागार कंपनीने केला. कंपनी पुण्यात, म्हणून गावकऱ्यांची सुनावणीही पुण्यात! (पुण्याला समुद्र नाही, याची आराखड्याला अडचण झाली नसावी.) त्यात मासळीच्या ओट्याच्या जागी सेल्फी पॉइंट होता. त्या ओट्यावर पारूबाई आणि आणखी अकरा बायका रोज मासे विकतात. ओटा गेला की धंदा गेला.

माझे सासरे तात्या यांनी गावातून पत्रं गोळा केली आणि आंब्याच्या खोक्यात घालून आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी पाठवली. फोनवर म्हणाले, "जावईबापू, तुम्ही पेपरातले. जरा नजर टाका आणि टाइप करून द्या."

तीस वर्षं उपसंपादकी केलेल्या माणसाला 'जरा नजर टाका' म्हणू नये.

पारूबाईंनी लिहिलं होतं, 'या ओट्यावर माझ्या आयशीने मासे विकले. मी इथेच चालायला शिकले. ओटा पाडलात तर टोपली घेऊन तुमच्या दारात बसेन.' मी आई काढली, चालणं काढलं, टोपली आणि धमकीही काढली. उरलं ते असं : 'ओटा पाडण्यास स्थानिकांचा तीव्र विरोध आहे.' वाक्य इतकं नेटकं झालं की उरलेल्या बेचाळीस जणांनाही तेच दिलं!

"अहो, हे सगळं एकाच माणसाने लिहिल्यासारखं वाटतंय," बायको म्हणाली.

"भाषेत शिस्त आली की तसं वाटतं."

"आणि मूळ पत्रं? त्यांच्यावर सह्या होत्या ना?"

"रद्दीत गेली. छापून झाल्यावर हस्तलिखित ठेवत नाहीत."

सुनावणी आमच्याच पेठेतल्या एका सभागृहात होती. अधिकाऱ्यांनी गठ्ठा चाळला. "सगळी एकाच माणसाची. सही कशावरच नाही. रद्द!"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

तात्यांबरोबर ओट्यावरच्या बाराहीजणी एसटीने आल्या होत्या. त्यांतून पारूबाई उठल्या. "सायबानू, माझा काय लिवलाय ता वाचा."

अधिकाऱ्यांनी वाचलं.

"ह्या मी नाय लिवलेला. तीव्र-बिव्र आमच्यात कोण बोलत नाय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "जावयबापू, माझी आयस खय गेली?"

"जागेअभावी..." मी म्हणालो.

"जागेसाठीच तर भांडतोय आमी!"

त्या थेट दारात जाऊन बसल्या. सोबत सुक्या बोंबलांची टोपली होती. (सदाशिव पेठेतलं ते सभागृह बहुधा प्रथमच इतकं सजग झालं!) बाकीच्या अकराजणी शेजारी बसल्या. आत जायला वाट राहिली नाही, बाहेर पडायलाही नाही.

"सभागृह एकला बंद होतं," रखवालदार म्हणाला.

"मग तू घरी जा," पारूबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी वही उघडली. सगळ्याजणी बोलेपर्यंत अडीच वाजले. मी मध्येच म्हणालो, "हा मुद्दा आधी येऊन गेलाय." बायकोने मला कोपराने गप्प केलं.

सुधारित आराखड्यात ओटा आहे. सेल्फी पॉइंट नाही. इतिवृत्तात पारूबाईंचं म्हणणं दीड पान आहे, आईसकट. त्याखाली एक ओळ आहे : 'टंकलिखित त्रेचाळीस पत्रे एकाच इसमाची असल्याने व सदर इसम गावचा रहिवासी नसल्याने विचारात घेतली नाहीत.'